उमेदवारीचा खर्च कोणी सोसावयाचा?

बाळकुम हे कालपरवापर्यंत ठाण्याच्या वेशीवरचे गाव होते. खाडीकाठची वस्ती, कशेळीच्या पुलाकडे जाणारा जुना आग्रा रस्ता आणि आसपासचे कारखाने ही त्याची ओळख. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत, आणि तेथील मुले केवळ अभियांत्रिकीच्या नव्हे, तर चित्रकलेच्या व शिल्पकलेच्या वर्गांनाही जाऊ लागली आहेत. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या मुलाने पुढे कलामहाविद्यालयाची पायरी चढावी, यात नवल उरलेले नाही. परंतु शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यावर या मुलांपुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याचा विचार मात्र कोणी गंभीरपणे केलेला दिसत नाही. हा प्रश्न उमेदवारीचा, म्हणजे आज ज्याला इंटर्नशिप म्हणतात त्याचा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला अभ्यासक्रमात स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ६० ते १२० तासांची उमेदवारी सांगितली आहे. हेतू उत्तम आहे, याविषयी दुमत नसावे. ज्याने ओतकामाची भट्टी पाहिली नाही, छापखान्यातील शाईचा वास घेतला नाही, त्याचे कलाशिक्षण अपुरेच म्हणावे लागेल. पण श्रेयांक देण्याची व्यवस्था झाली म्हणजे भाकरीची व्यवस्था झाली असे नव्हे.

रोजचे सहा तास धरले तर १२० तास वीस दिवसांत भरतात. पण वीस दिवसांत मुलाच्या हाती खरे काम पडत नाही. चांगल्या कार्यशाळेला निदान दोन-तीन महिने राहणारा उमेदवार हवा असतो. बाळकुमहून फोर्टातील कलादालन गाठावयाचे म्हणजे आधी बसने वा रिक्षाने ठाणे स्थानक, तेथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे ३४ किलोमीटर, आणि परतताना तीच यातायात. खर्च केवळ पासाचा आणि डब्याचा नाही. उमेदवारी सहसा सुटीत येते, आणि सुटी हाच गरीब कलाविद्यार्थ्याचा कमाईचा काळ असतो. गणेशमूर्तींच्या कारखान्यांत त्याच वेळी कामाची लगबग सुरू होते, मुलांचे चित्रकलेचे वर्गही तेव्हाच भरतात. बिनपगारी उमेदवारी पत्करणाऱ्याला या मिळकतीवर पाणी सोडावे लागते. ज्याच्या घरी वडिलांचा पगार भक्कम आहे तो हे करू शकतो. इतरांनी काय करावे?

त्यातही जागा मिळणे हीच पहिली अडचण. या जागांची नोंद कोठेही एकत्र मिळत नाही. त्या ओळखीने भरल्या जातात, आणि काळा घोड्याच्या कलादालनांत ज्याचे कोणी नाही, त्याला जागा रिकामी होती हे ती भरल्यानंतर कळते.

सरकारी योजना आहेत, हे नाकारता येणार नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली आणि पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविले. त्याच वर्षी केंद्राने मोठ्या ५०० कंपन्यांतील इंटर्नशिपसाठी दरमहा ५,००० रुपयांची योजना काढली. परंतु या दोन्ही योजना ज्यांचे शिक्षण चालू आहे त्यांच्यासाठी आखलेल्याच नव्हत्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची कक्षा २०१४ मध्ये रुंदावली खरी, पण उमेदवार घेण्याची सक्ती तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर आहे. शिल्पकाराच्या कार्यशाळेत तीस माणसे कोठून असणार? म्हणजे अभ्यासक्रम ज्याला उमेदवारी करावयास सांगतो, नेमका तोच विद्यार्थी विद्यावेतनाच्या कक्षेबाहेर राहतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, शिकविणाऱ्यानेच वर पैसे का द्यावेत? पूर्वी शिष्य गुरूच्या घरी पडेल ते काम करीतच असे. हे खरे आहे. पण तो शिष्य गुरूच्या घरी जेवतही असे. आजच्या व्यवस्थेने त्यातील सेवा तेवढी ठेवली आणि जेवण वगळले. अर्थात चार माणसांच्या कार्यशाळेवर हा सारा भार टाकणे न्याय्य होणार नाही. म्हणूनच तो सार्वजनिक निधीतून उचलला गेला पाहिजे.

ही मागणी नवी नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा जन्मच सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली झाला. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी याच शाळेच्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. ते काम अनेक वर्षे सरकारी खर्चाने चालले. १८७८ ते १८८८ या काळात उभ्या राहिलेल्या बोरीबंदरच्या स्थानकाच्या सजावटीतही या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. बाळकुमचा विद्यार्थी आज ज्या कोरीव कामाखालून जातो, ते काम म्हणजे एका काळच्या विद्यार्थ्यांची उमेदवारीच होय. परक्या सरकारला जे सुचले, ते आपल्याला सुचू नये काय? फ्रान्समध्ये तर दोन महिन्यांहून अधिक काळाच्या उमेदवारीस मोबदला देणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. राज्याच्या योजनेत शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्यांना निदान सुटीपुरते सामावून घ्यावे. कला संचालनालयाने जिल्हावार जागांची उघड नोंदवही ठेवावी. २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाच्या निधीतून कला व संस्कृतीवर खर्च करण्यास मुभा दिली आहे. त्यातील थोडा वाटा लहान कार्यशाळांतील उमेदवारांच्या विद्यावेतनाकडे वळवावा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या महापालिकाही पुष्कळ करू शकतात. कापूरबावडीचे कलाभवन बाळकुमपासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील प्रदर्शनांची मांडणी, नाट्यगृहांतील नेपथ्य, रस्त्यांवरील भिंतींची रंगरंगोटी ही कामे विद्यार्थ्यांना रीतसर करार करून आणि मोबदला देऊन सोपविता येतील. मग प्रत्येकाला फोर्टापर्यंत धावावेही लागणार नाही.

मुंबईच्या अपोलो बंदरावरील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविणारे सदाशिव साठे कल्याणचे होते. खाडीकाठच्या या पट्ट्यात गुणवत्तेची वाण कधीच नव्हती. ती वडिलांच्या पगाराच्या चाळणीतून गाळून घ्यावयाची की नाही, एवढाच निर्णय आता शासनाने आणि विद्यापीठांनी करावयाचा आहे. येत्या उन्हाळी सुटीपूर्वी तो झाला, तरच त्याचा काही उपयोग.