डावीकडे वळा आणि गप्प बसा

गोल फिरण्याच्या बाबतीत आपल्याइतकी दुटप्पी माणसं जगात सापडायची नाहीत. देवळाभोवती फिरलं की पुण्य. वडाभोवती फिरलं की तोच नवरा सात जन्म (यात पुण्य कुणाचं आणि शिक्षा कुणाला, हा प्रश्न अलाहिदा!). सकाळी कॅनव्हासचे बूट घालून बागेभोवती फिरलं की डॉक्टर खूश. पण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टॅलाडेगा नावाच्या ठिकाणी, चाळीस माणसं मोटारीत बसून एका वाटोळ्या रस्त्यावर १८८ फेऱ्या मारतात म्हटलं, की आपल्या कपाळावर आठ्या. "यात काय आहे मेलं? घाण्याचा बैल बरा. निदान तेल तरी निघतं!"

हा आक्षेप घेणाऱ्यांत आमचे एक भाचेजावई अग्रगण्य आहेत. ते अटलांटाला असतात. टॅलाडेगा तिथून मोटारीने दीड-दोन तासांवर. वीस वर्षांत त्यांनी तिकडे पाऊल टाकलेलं नाही, आणि मत मात्र ठाम आहे. "मामा, ते लोक नुसते डावीकडे वळतात हो!" हे वाक्य ते असं टाकतात, की त्यापुढे फक्त टाळ्याच अपेक्षित असाव्यात. आता या अटलांटा शहराभोवती चौसष्ट मैलांचा एक वर्तुळाकार हमरस्ता आहे आणि आमचे जावई कचेरीला जायला रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर गोल फिरतात. बक्षीस नाही, करंडक नाही, प्रेक्षक नाहीत. तरी त्याला ते करियर म्हणतात.

तेव्हा पहिल्यांदा या डावीकडे वळण्याचा निकाल लावू. टॅलाडेगाचा रस्ता एका फेरीला २.६६ मैल, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या वर. अशा १८८ फेऱ्या म्हणजे पाचशे मैल. साधारण आठशे किलोमीटर. जुन्या रस्त्याने मुंबईहून नागपूर गाठायला निघावं आणि तीन-साडेतीन तासांत धंतोलीत चहा प्यावा, तसा हा प्रकार. वळणावर रस्ता ३३ अंशांनी कललेला आहे. अंश म्हटले की शाळेतला कंपास आठवतो आणि अंगावर काटा येतो, म्हणून सोप्या भाषेत सांगतो. कोकणातल्या कौलारू घराचं छप्पर डोळ्यांपुढे आणा. त्या छपरावर, एका ओळीत तीन अशा मोटारी, पुढच्याच्या मागच्या बंपरला आपलं नाक लावून, ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने पळवायच्या. तीन तास! आपण छपरावर चढतो ते पावसाळ्यापूर्वी फुटकं कौल बदलायला, आणि तेही खाली दोन माणसांना शिडी धरायला लावून.

या गाड्यांना 'स्टॉक कार' म्हणतात. म्हणजे दुकानात मिळते तशी साधी मोटार. आता नावावर जायचं म्हटलं तर आपल्याकडे 'शुद्ध तुपातली मिठाई' असतेच. पहिल्यांदा खरोखर दुकानातल्याच गाड्या असत. १९४९ साली 'नॅस्कार' या संस्थेने अशी पहिली शर्यत भरवली, तिथे जो पहिला आला त्याच्या गाडीच्या स्प्रिंगा जास्त दणकट निघाल्या आणि त्याचा नंबर काढून घेतला गेला. ती गाडी हातभट्टीची दारू वाहून नेणाऱ्यांची होती म्हणे. मागे माल आणि त्याच्या मागे पोलीस, म्हटल्यावर स्प्रिंगा बळकट नकोत? आजच्या गाडीला उघडणारं दार नाही. चालक खिडकीतून आत शिरतो. वेगाचा काटा नाही. आणि पुढचे दिवे म्हणजे चक्क दिव्याची चिकटवलेली चित्रं! आमच्या गल्लीतल्या नगरपालिकेच्या दिव्यांप्रमाणे दिसायला आहेत, उजेडाची अपेक्षा करू नये.

आणि यात डोकं लागत नाही म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकावी. १९६० साली डेटोना इथल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ज्युनियर जॉन्सन नावाच्या गड्याची मोटार इतरांपेक्षा मंद होती. त्याच्या लक्षात आलं, की वेगवान गाडीच्या अगदी पाठीला चिकटलं की आपलीही गाडी तितकीच पळते. पुढची गाडी हवा फाडते आणि मागचा त्या फाटलेल्या हवेतून फुकट जातो. दादर स्टेशनवर गर्दीच्या वेळी उतरताना धिप्पाड गृहस्थाच्या मागे राहायचं, हे तत्त्व आपल्याकडे शाळकरी पोराला कळतं. पण यातली गंमत पुढे आहे. मागच्यामुळे पुढच्यालाही बळ मिळतं. दोन गाड्या जोडीने एकेकटीपेक्षा जास्त पळतात. म्हणजे ज्याला हरवायचं त्याच्याच मदतीने तीन तास धावायचं, आणि शेवटच्या फेरीत नेमक्या क्षणी त्याची साथ सोडायची. आपल्या राजकारणात याला आयुष्य लागतं. जॉन्सन त्या एका दुपारी जिंकला.

तेव्हा खेळाशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते खेळ मांडून बसलेल्यांशी, आणि त्यांची री ओढणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या बघ्यांशी.

१९६९ साली टॅलाडेगाचा हा रस्ता नवा कोरा होता. बांधणारे बिल फ्रान्स. नॅस्कारही त्यांनीच काढलेली. म्हणजे रस्ता त्यांचा, नियम त्यांचे, पंच त्यांचे. सप्टेंबरात पहिली शर्यत ठरली. सरावात गाड्या ताशी दोनशे मैलांच्या घरात गेल्या आणि टायरांच्या चिंध्या व्हायला लागल्या. चालकांनी नुकतीच आपली एक संघटना काढली होती. तिचा अध्यक्ष रिचर्ड पेटी. चालकांनी सांगितलं, हे टायर टिकत नाहीत, शर्यत पुढे ढकला. बघा हं, पगार वाढवा म्हटलं नाही, बोनस मागितला नाही. एवढंच म्हटलं, की टायर फुटून मरायची आमची इच्छा नाही.

फ्रान्ससाहेबांनी काय करावं? त्यांनी स्वतः एका मोटारीत बसून रस्त्यावर फेऱ्या मारून दाखवल्या. वय वर्षं एकोणसाठ! धाडसाला दाद दिलीच पाहिजे. पण हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. खानावळीच्या मालकाने सकाळी ताज्या आमटीचा एक भुरका मारून "कुठे काय झालंय?" म्हणावं आणि रात्री तीच आमटी आपल्या ताटात वाढावी, त्यातला. एकट्याने मोकळ्या रस्त्यावर चार फेऱ्या मारणं निराळं आणि चाळीसजणांच्या दाटीत १८८ मारणं निराळं.

शर्यत पुढे ढकलली नाही. बहुतेक नामांकित चालकांनी गाड्या ट्रकवर चढवल्या आणि ते निघून गेले. फ्रान्सनी आदल्या दिवशीच्या लहान गाड्यांच्या शर्यतीतले भिडू घेतले, जमतील तेवढे इतर घेतले आणि शर्यत पार पाडली. रिचर्ड ब्रिकहाउस नावाचा तरुण जिंकला. त्याचा त्या मालिकेतला तो एकमेव विजय. प्रेक्षकांना सांगितलं, तुमच्या तिकिटाचा तुकडा जपून ठेवा, पुढच्या एका शर्यतीला चालेल. कुणाला इजा झाली नाही. टायर बदलायला गाड्या पुन्हा पुन्हा थांबवल्या, म्हणून झाली नाही. म्हणजे चालक म्हणत होते ते खरं होतं, असा याचा अर्थ. पण बभ्रा असा झाला, की बघा, उगाच घाबरत होते! चालकांची संघटना पुढे फार काळ टिकली नाही.

इथे आमच्या चाळीतले एखादे निवृत्त हेडक्लार्क चष्मा पुसत विचारणारच, "पण त्यांना बोलावलं होतं कुणी? पैसे मिळतात, नाव मिळतं, धोका माहीत असतो. नको तर करू नये." या वाक्याइतकं निर्दय वाक्य मराठीत क्वचितच इतक्या सौम्य स्वरात बोललं जातं. अहो, 'नको' म्हणालेच की ते! नको म्हटलं तर घाबरट, आणि हो म्हणून मेला तर स्वखुशीने गेला. मग माणसाने शहाणपणा करायचा कुठल्या खिडकीवर? आणि धोका पत्करणं म्हणजे कुणीही वाढून ठेवलेला वाटेल तो धोका पत्करणं नव्हे. सर्कशीतली मुलगी झोपाळ्यावरून उडी मारायला तयार असते, मालकाने कुजक्या दोराचा झोपाळा बांधावा याला ती तयार नसते.

पुढची हकीकत १९८७ची. टॅलाडेगालाच बिल एलियटने ताशी २१२.८०९ मैलांचा उच्चांक केला. तीन दिवसांनी शर्यतीत बॉबी ॲलिसनचा टायर फुटला, गाडी उडाली आणि प्रेक्षकांपुढच्या तारेच्या जाळीवर आदळली. प्रेक्षक जखमी झाले. जाळी दुरुस्त करायला अडीच तासांहून अधिक वेळ लागला, आणि मग शर्यत पुढे चालू! ती जिंकली कुणी? बॉबीच्याच मुलाने, डेव्हीने. त्याचा तो पहिला विजय. बाप वाचला म्हणून बरं. नाहीतर पेढे कुठल्या तोंडाने वाटायचे?

आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. जाळी फाटली की तिकीट काढणाऱ्याच्या अंगावर येतं ना! रस्त्याचा उतार कमी करता आला असता. पण त्यापेक्षा पत्र्याचा तुकडा स्वस्त. १९८८पासून टॅलाडेगा आणि डेटोनाला इंजिनाच्या घशात चार भोकांची एक पातळ चकती बसवायला लागले, म्हणजे हवा कमी जाईल आणि गाडी मंद होईल. वेगासाठी जगावेगळा रस्ता बांधायचा आणि मग गाडीच्या नाकात बोळे घालायचे! २०१९मध्ये चकती गेली, तिच्या जागी निमुळत्या भोकाचा दुसरा अडसर आला. बोळा गेला, चिमटा आला. नाक तेच.

परिणाम काय? सगळ्या गाड्यांची ताकद सारखी. कुणी कुणाला मागे टाकून निघून जाऊ शकत नाही. चाळीसच्या चाळीस एका घोळक्यात, साडेआठच्या विरार लोकलसारख्या. एकाचं चाक तसूभर हललं की मागचे वीस त्याच्यावर. तिकडे या ढिगाऱ्याला नाव आहे, 'द बिग वन'. ऑक्टोबर २०२४ मध्ये शर्यत संपायला पाच फेऱ्या उरल्या असताना अशा एका ढिगाऱ्यात २८ गाड्या सापडल्या. आणि हा अपघात म्हणजे 'अपघात' तरी कसा म्हणावा? अपघात वाट चुकून येतो. याची तर आधीपासून वाट पाहतात. दूरदर्शनवरचा निवेदक दुसऱ्या तासाला "अजून झाला नाही बरं का" अशा सुरात बोलतो, आणि झाला की तीच दृश्यं पुढच्या शर्यतीच्या जाहिरातीत.

१८ फेब्रुवारी २००१ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला. मोठा चालक. पडद्यावर बघताना फार भयंकर वाटलं नाही, पण कवटीच्या तळाशी हाड मोडून तो गेला. त्याआधीच्या एका वर्षात नॅस्कारचे तीन चालक गेले होते, त्यांत रिचर्ड पेटीचा नातू ॲडम होता, वय १९. आता ऐका. मान जागच्या जागी धरणारं एक साधन १९८०च्या दशकातच तयार झालं होतं. रॉबर्ट हबर्ड नावाच्या प्राध्यापकाने ते बनवलं, कारण त्याचा मेव्हणा शर्यतीत गाडी चालवायचा. मेव्हण्याच्या मानेची काळजी करणारा शास्त्रज्ञ! ते खांद्यावर जुवासारखं बसतं. अर्नहार्टने स्वतःच ते जू मानेवर घ्यायचं नाकारलं होतं, हे मान्य. पण मग नियम करणारे कशासाठी असतात? सक्ती झाली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. त्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत २००१नंतर एकही चालक दगावलेला नाही. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तेवढीच संतापाचीही. म्हणजे हे आधी जमण्यासारखं होतं!

बरं, शहाणपण आलं म्हणावं, तर २०२२मध्ये नवी गाडी आली. चालक सांगत होते, मागून आदळली की फार लागतं, मागचा सांगाडा फार ताठ आहे. कुर्ट बुशच्या मेंदूला मार बसून त्याची पूर्णवेळ कारकीर्द संपली, मग पुढच्या वर्षासाठी सांगाडा मऊ केला. चालकाने आधी सांगायचं, मालकाने नंतर ऐकायचं, आणि मधल्या जागेत कुणाचं तरी डोकं.

शेवटचा युक्तिवाद सगळ्यांत नामी. "आम्ही काय करणार? लोकांना हेच हवं असतं." हे वाक्य मी आपल्या सिनेमावाल्यांकडून ऐकलंय, जत्रेतल्या मौत का कुआँवाल्याकडूनही ऐकलंय. पण लोकांना काय हवं हे लोकांना विचारलंय कुणी? जत्रेत त्या लाकडी विहिरीच्या काठावर उभं राहून खाली बघताना, फटफटीवरचा पोरगा पडावा म्हणून कुणी नवस करत नाही. तो दर फेरीला वर येतो, हात सोडतो, आपल्या हातातली दहाची नोट अलगद उचलून नेतो, आणि आपल्या तोंडातून निघतो तो 'वाऽऽ' तो पडला नाही म्हणून असतो. पडण्याला कसब लागत नाही. पडतो कुणीही. तीनशेच्या वेगात, छपराच्या उतारावर, दुसऱ्याच्या बंपरपासून वीतभर अंतरावर १८८ फेऱ्या न पडणं, ही विद्या आहे. तिकीट त्या विद्येचं काढावं आणि तमाशा ढिगाऱ्याचा दाखवावा, ही प्रेक्षकाचीही फसवणूक आहे.

आमच्या जावयांना आणि त्यांच्यासारख्या समस्त विद्वानांना एवढंच सांगणं आहे. हसायचं तर त्या पत्र्याच्या चकतीला हसा, चिकटवलेल्या दिव्यांना हसा. डावीकडे वळणाऱ्यांना हसू नका. ती माणसं भित्री असती तर वळलीच नसती. आणि १९६९ सालच्या त्या दिवशी त्यांतल्या बऱ्याचजणांनी त्याहूनही अवघड काम केलं. फाटकाबाहेर पडून ते सरळ घरी गेले.