ज्यांना पीएनएम नाही, त्यांचे टेबल कोणते?

डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचा बेमुदत संप चालू होता आणि नागपूर येथे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले होते. संघटनेच्या कामानिमित्त आमचाही मुक्काम तेव्हा नागपुरात होता. परतीच्या गाडीची वाट पाहत असताना फलाटावर पंधरा-वीस भगिनी भाकरीची फडकी सोडून बसलेल्या दिसल्या. आमच्या छातीवरचा युनियनचा बिल्ला पाहून मेळघाटाकडच्या एका सेविकेने हाक मारली आणि एक अर्ज पुढे केला. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या आमदारांना द्यायचा होता. मसुदा बरोबर आहे का, एवढे त्यांना पाहून हवे होते.

अर्ज दोन पानांचा होता. पहिल्या पानावर मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन. दुसऱ्या पानावर अंगणवाडीचा नादुरुस्त वजनकाटा, बचत गटाची थकलेली आहाराची बिले, भाड्याच्या खोलीचे गळके छप्पर आणि गावातील किती मुले तीव्र कुपोषित श्रेणीत आहेत त्याचा हाताने लिहिलेला तक्ता. इतकी वर्षे निवेदने लिहून लिहून आमची एक सवय झाली आहे. आम्ही म्हणालो, "ताई, दुसरे पान काढून टाका. पुढाऱ्याच्या एका वेळी एकच गोष्ट ध्यानात राहते." त्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, दुसरं पान काढलं त पयलं कायच्यासाठी मांगतो, हे त्यायले कसं समजन?"

गाडी आली, आम्ही निघालो. पण सल्ला चुकीचा दिला ही रुखरुख राहिली. आज ही जागा त्या दोन पानांसाठी वापरत आहोत.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रेल्वे कामगाराची तक्रार असली तर तिला जायला वाट आहे. १९५२ पासून आपल्याकडे पीएनएम आहे. मंडळात डीआरएमसमोर, मुख्यालयात जीएमसमोर, त्यावर रेल्वे बोर्डात विषय लावता येतो. १९६६ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जेसीएम आहे. टपालातील बांधवांनाही हे टेबल ठाऊक आहे. वेतनासाठी आयोग बसतो. आठव्या आयोगाच्या कार्यकक्षेस ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली आणि आपण सर्वजण त्याकडे डोळे लावून आहोत. या यंत्रणेला आपण नावे ठेवतो, कार्यवृत्तावर सह्या होऊनही विषय वर्षानुवर्षे लोंबकळतात म्हणून ओरडतो, आणि ते खरेही आहे. परंतु टेबल आहे.

अंगणवाडी सेविकेला यातले काहीही नाही. तिचे मानधन ठरवायला कोणताही वेतन आयोग बसत नाही. केंद्र सरकारने आपल्या हिश्श्याचे मानधन २०११ साली ३,००० रुपये केले, त्यानंतर थेट ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये. मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये. पुढची कित्येक वर्षे हा आकडा जागचा हलला नाही. राज्ये आपापल्या ऐपतीने व निवडणुकीच्या हंगामाप्रमाणे त्यात भर घालतात. महाराष्ट्रात २०२३ साली हे मानधन सेविकेला १०,००० व मदतनिसाला ५,५०० रुपये झाले, तेही मोर्चे काढून. म्हणजे हा निर्णय होतो तो अर्थसंकल्पात आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत. मग या भगिनींनी जायचे कुठे? आमदार-खासदाराच्या दारात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, शून्य प्रहर हेच त्यांचे पीएनएम. आपल्यातील काही सभासद हसून म्हणतात की या बाया पुढाऱ्यांच्या मागे फिरतात. त्या फिरतात, कारण त्यांना दुसरे टेबल सरकारने दिलेलेच नाही.

टेबल का दिले नाही, याचे उत्तर एका शब्दात आहे: मानसेवी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. गावातील बाई, अर्धवेळ, समाजसेवेच्या भावनेने मुलांना सांभाळील, आहार देईल, वजन करील, अशी कल्पना होती. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्यांचे जाळे देशभर आहे. सहा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता यांची नोंद, लसीकरणाला मदत, पूर्वप्राथमिक शिक्षण, शिवाय वरून येईल ते सर्वेक्षण तिच्याच माथी. तरीही संसदेत विचारले की उत्तर ठरलेले: या स्वेच्छेने पुढे आलेल्या मानसेवी कार्यकर्त्या आहेत. समाजसेविका म्हटले की पगार मागायची लाज वाटली पाहिजे, असा त्यातला हिशेब आहे. २००५ पासून आलेल्या आशा भगिनींचीही हीच गत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जागतिक सन्मान केला, मोबदला मात्र कामागणिक मोजून.

नावाचा हा खेळ आपल्याला नवा नाही. टपाल खात्यात 'खात्याबाहेरील' म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल या नावाखाली खेड्यापाड्यांतील माणसे आयुष्यभर टपाल वाहत राहिली. १९७७ साली राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे पद नागरी पदच आहे. तरी ग्रामीण डाक सेवकांना आजही पगार नव्हे, भत्ता मिळतो. आणि २०१८ साली कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी पदरात पडण्यासाठी त्यांना मे-जूनमध्ये संप करावा लागला. रेल्वेत 'कॅज्युअल' हा शब्द होता. वर्षानुवर्षे लाइनीवर घाम गाळणाऱ्या प्रकल्पावरील कॅज्युअल कामगारांना टेम्पररी स्टेटस मिळण्याचा मार्ग १९८५ च्या इंदरपाल यादव निकालाने मोकळा झाला. ज्या घरात कॅज्युअल बाप होता, त्या घरातील मुलाला मानसेवी या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

सेविकांच्या बाबतीत न्यायालयाची पावले उलटसुलट पडली. २००६ साली कर्नाटकातील अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी पद नाही, कारण ते कोणत्याही कायद्याने निर्माण झालेले नाही. दार बंद झाल्यासारखेच होते. त्यानंतर १६ वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ रोजी, त्याच न्यायालयाने मणिबेन भारिया खटल्यात सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला आणि थकलेल्या रकमेवर दहा टक्के व्याजही लावले. खटला गुजरातमधील दाहोद जिल्ह्याचा. दाहोद म्हटले की आपल्याला तेथील रेल्वे कारखाना आठवतो; यापुढे या भगिनीही आठवाव्यात. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक मूळचे ठाण्याचे न्या. अभय ओक होते.

या सोळा वर्षांत काय बदलले? इथे त्या मेळघाटच्या ताईंचे दुसरे पान उपयोगी पडते. २००१ साली अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या वर्षी २८ नोव्हेंबरच्या आदेशाने अंगणवाडीचा आहार हा प्रत्येक बालकाचा हक्क ठरला. पुढे अन्नहक्काच्या चळवळीतील कार्यकर्ते, सामाजिक संस्था, कामगार संघटना व स्वतः सेविका यांनी खासदारांचे उंबरठे झिजवले, आणि २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्यात बालके व मातांना अंगणवाडीतून आहार देण्याची जबाबदारी कलमाने आली. २०२२ च्या निकालाने याच कायद्यावर आणि शिक्षण हक्क कायद्यावर बोट ठेवले: आता अंगणवाडी ही सरकारची कृपा राहिली नाही, तेथे कायद्याने नेमून दिलेले काम चालते, मग ते काम करणारी बाई मानसेवी कशी? मुलांसाठी मागितलेल्या कायद्यातून बाईची ग्रॅच्युइटी निघाली. आम्ही मात्र तिला ते पान फाडायला सांगत होतो.

उलट बाजूनेही हेच दिसते. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या निम्म्याहून खाली आणली गेली. राज्यांना करातील वाटा वाढवून दिला आहे, ती बघून घेतील, असे कारण पुढे आले. पण बोजा राज्यांवर ढकलला की मुलाचा आहार आणि सेविकेचे मानधन यांची ओढाताण एकाच आटलेल्या तिजोरीत होते. दोन्ही सभागृहांत व बाहेर ओरड झाली आणि पुरवणी मागणीतून तरतूद बरीच वाढवावी लागली. आहाराचा दर २०१७ साली ठरला, साधारण बालकामागे दिवसाला ८ रुपये, आणि तोही पुढे वर्षानुवर्षे गोठून राहिला. आठ रुपयांत ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यायची होती. आपल्या कँटीनमधला चहा किती रुपयांना मिळतो, ते ज्याने त्याने आठवावे.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना 'मेस्मा' लावला. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांचा २६ दिवसांचा संप झाला होता, त्याचा हा धडा. कर्मचारी म्हणायचे नाही, पण संप केला की सेवा अत्यावश्यक! विधानसभेत विरोधकांबरोबर सत्तेतील मित्रपक्षाच्या आमदारांनीही कामकाज रोखून धरले आणि काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना स्थगिती जाहीर करावी लागली. त्या आमदारांना एका रात्रीत कामगारांचा कळवळा आला असे आम्ही मानत नाही. गावोगावच्या सेविका त्यांना नावाने ओळखतात, आणि मतदार यादी सेविकेइतकी कोणाला पाठ नसते, हे त्यांना पक्के माहीत होते. हत्यार मात्र देशभर तेच राहिले आहे. २०२२ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात संपकरी सेविकांवर एस्माच उगारला गेला. १९ सप्टेंबर १९६८ च्या संपासाठी आपल्यावर जो वटहुकूम आला, त्याचीच ही पिलावळ. तेव्हा रेल्वे-टपालवाल्यांची मागणी होती गरजेवर आधारित किमान वेतनाची, आणि तिचा आधार होता १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेचा ठराव. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या अशी शिफारस केली. २०१५ नंतर मात्र कित्येक वर्षे ही परिषदच बोलावली गेली नाही.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सेविका संपावर गेल्या की मुलांची खिचडी बंद पडते. २०२३-२४ चा संप ५० दिवसांच्या वर चालला. तेवढे दिवस ज्या घरात दुसरे जेवण नाही, त्या घरातील मूल उपाशी राहिले असणार. संपात उतरलेल्या सेविकेला हे आपल्यापेक्षा अधिक टोचते, कारण ते मूल तिच्या शेजारचे असते. १९७४ च्या मे महिन्यात आपल्या वडीलधाऱ्यांनाही हेच ऐकवले गेले होते की देशाचे धान्य अडवता. संपाचा हक्क आम्ही सोडायला सांगणार नाही. पण ज्या बाईला संप जीवावर येतो, तिचे म्हणणे संपाच्या आधी सभागृहात पोहोचले पाहिजे, आणि त्या कामात आपण उपयोगी पडू शकतो. निवेदन कसे लिहावे, नियम कोणता लावावा, उत्तर आले तर पुढचा प्रश्न कोणता विचारावा, हे आपण पीएनएममध्ये शिकलो आहोत.

सध्या एक बाब तातडीची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता अंमलात आल्या आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. संहितेत गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे. अंगणवाडी सेविका किंवा आशा यांची वेगळी व्याख्या नाही. न्यायालयात मिळवलेले उद्या नव्या संहितेच्या अर्थावरून पुन्हा वादात ओढले जाऊ शकते. म्हणून व्याख्येत त्यांचे नाव घाला ही मागणी खासदारांपर्यंत गेली पाहिजे, आणि त्याच कागदावर आहाराच्या दराची मागणीही. फक्त आहाराचा विषय दिला तर पुढारी मुलांबरोबर फोटो काढतो आणि पगाराचे विसरतो. फक्त पगाराचा दिला तर अर्थखात्याकडे बोट दाखवतो.

भाषेचाही विषय त्यात असू द्यावा. २०२१ साली 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत आला. महाराष्ट्रात हजारो सेविकांनी कमी क्षमतेचे सरकारी मोबाइल परत करून टाकले, तेव्हा कोठे मराठीचा विचार सुरू झाला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आमच्यासारख्याला इंग्रजी परिपत्रकाशी झटताना काय होते ते आम्ही जाणतो. मराठी मुलखाबाहेर, इटारसी, सिकंदराबाद, हुबळीकडे असलेल्या आपल्या बांधवांनी तेथील सेविकांकडेही चौकशी करावी. त्यांच्या भाषेत नोंदवही आहे काय, हा प्रश्न तिकडेही लागू आहे.

शाखा सचिवांना विनंती आहे की पुढील मासिक सभेत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा. रेल्वे वसाहतीतील व आसपासच्या अंगणवाड्यांतील सेविकांना सभेला बोलवावे, त्यांच्याच तोंडून हकिगत ऐकावी आणि वजनकाटा, थकीत बिले, जागेचे भाडे यांची नोंद तारखेसह लिहून घ्यावी. लोकसभेत प्रश्नासाठी किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच शिष्टमंडळाने खासदारांना भेटावे. शिष्टमंडळात निम्म्या तरी सेविका असाव्यात आणि बोलायचे त्यांनीच. आपण मागच्या खुर्चीवर बसावे. निवेदनाची एक प्रत, दोन्ही पानांसह, आमच्या कार्यालयात पाठवावी.