हाडोळ्याचा भाव कोण ठरवतो?

गोदीत एका खोक्याला तीन किमती असतात. कस्टमच्या कागदावर एक, विम्याच्या कागदावर दुसरी, बाजारात तिसरी. खोकं तेच, आतलं मशीन तेच. हे रोज बघतो, म्हणून गावाहून तात्याचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. संताप आला.

तात्या म्हणजे माझा चुलता. म्हणाला, "दलाल आलाय. चार एकराला एकरी आठ लाख देतो म्हणतोय. सही करू का?"

"शेजारच्या पाटलाच्या रानाला काय मिळालं?"

"बावीस."

"माती वेगळी हाय का?"

"माती तीच रं. आपली वर्ग दोनची हाय ना. वतनाची."

दोस्तांनो, इथं थांबा. बांध एक, ओढा एक, उद्या जाणारा बाह्यवळण रस्ता एक. तरी एकरी चौदा लाखांचा फरक. हा फरक मातीत नाही, सातबाऱ्यावरच्या एका ओळीत आहे. आपल्यातले किती जण सातबारा वाचू शकतात? सभेत आपण भूमिहीनांवर बोलतो, आणि घरातली चार एकर कुणाच्या नावावर आहे ते आज्याच्या ट्रंकेत ठेवून देतो. मीही तसलाच. कविता लिहीत बसलो होतो.

जमिनीची किंमत काढायचे मार्ग फार नाहीत. शेजारची खरेदीखतं बघायची. नाहीतर जमीन वर्षाला काय देते ते धरून हिशेब करायचा: विहीर आहे का, पाट आहे का, जिरायत की बागायत, रस्त्यापासून किती लांब. आणि सरकारला मुद्रांक वसूल करायचा असतो म्हणून त्याचं स्वतःचं कोष्टक असतं, रेडी रेकनर. त्यात शेतजमिनीचे दर बहुतेक गावांत आकाराच्या पट्ट्यांनी लावलेले असतात. आकार म्हणजे शेतसारा. तो कुठून आला? इंग्रजांकडून. १८३५-३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिडनं इंदापूर तालुक्यात मोजणी सुरू केली. पुढं १८४७ च्या संयुक्त अहवालात नियम पक्के झाले. माती खणायची, खोली हातानं मोजायची. पावणेदोन हात खोल काळी माती असली तर सोळा आणे. तिथून उतरत उतरत दोन आण्यापर्यंत. चुनखडी, वाळू, उतार असला की आणखी कमी. साहेबानं मातीचे दोष लिहून काढले. ती कसणाऱ्याच्या गळ्यात कोणता दोष अडकवलाय हे त्या कोष्टकात नव्हतं. ते गावाच्या डोक्यात होतं.

आपल्याला हाडोळा मिळाला तो मजुरीच्या बदली. निरोप ने, सारा पोचव, मेलेलं ढोर ओढ, रात्रंदिवस साहेबाच्या घोड्यापुढं पळ. आणि एक गोष्ट विसरू नका: गावाच्या शिवेचं भांडण लागलं की साक्ष महाराची. साऱ्या गावाची हद्द ज्याला पाठ, त्याचाच बांध कच्चा!

बाबासाहेबांना हे उमगलं होतं. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. चाकरीतून सुटका हवी, आणि पूर्ण आकार भरून जमीन आपल्याकडं राहायला हवी. ते पास झालं नाही. कनिष्ठ वतनं मोडणारा कायदा शेवटी १९५८ चा. त्यात जमीन परत मिळाली, पण आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरून. आमच्या चार एकराचा आकार चार रुपये पंचाहत्तर पैसे. तिप्पट सव्वाचौदा रुपये. आज्यानं ते उसने आणून भरले, पावती आहे. ज्यांना मुदतीत जमलं नाही त्यांचं काय झालं ते आपापल्या गावात विचारा. आणि शर्त अशी की कलेक्टरच्या परवानगीशिवाय, सरकारला ठरेल ती रक्कम भरल्याशिवाय, जमीन विकता येणार नाही. हीच ती नवीन शर्त, हाच वर्ग दोन.

आता दलालाचं गणित. "परवानगीला वर्षं जातील, नजराण्यात निम्मं जाईल, हापिसात खर्च होईल," असं म्हणत तो बावीसचे आठ करतो. मग खरेदीखत नाहीच. विसारपावती आणि कुलमुखत्यारपत्र. परवानगी मागायला तोच जाणार, रस्त्याचा मोबदला उचलायलाही तोच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला ग्रामीण भागात एक ते दोन पट गुणक आहे, वर शंभर टक्के सोलेशियम. हे तात्याला ठाऊक नाही. दलालाला तोंडपाठ.

ह्याहून वाईट पुढं आहे. त्याच कायद्यात बाजारभाव काढताना मागच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं बघतात. म्हणजे आज एकानं आठला सही केली की तो आठचा कागद उद्या शेजाऱ्याच्या विरोधात पुरावा म्हणून उभा राहतो. एका घराची अडचण, दवाखान्याचं बिल, पोरीचं लग्न, साऱ्या वस्तीच्या जमिनीचा भाव होऊन बसते. तज्ज्ञ त्याला 'मूल्यांकन' म्हणतात. मी त्याला चोरी म्हणतो.

खेड्यातलंच आहे असं समजू नका. पुण्याच्या मुंढव्यात महार वतनाच्या सुमारे चाळीस एकराचा सौदा २०२५ मध्ये गाजला. सौदा तीनशे कोटींचा, बाजारभाव अठराशे कोटींचा असल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं. चौकशा लागल्या. आपण चहा पीत बातमी वाचली.

काही मित्र म्हणतात, शर्तच काढून टाका, मोकळी विकू द्या. मला ते पटत नाही. मोकळी झाली की पहिल्या दुष्काळात जाईल. पण आजची शर्त विक्री थांबवत नाही, नुसती किंमत पाडते. माझं म्हणणं असं: परवानगी राहू द्या, नजराणा काढा. ज्या जमिनीचं मोल आमच्या बापजाद्यांनी ढोरं ओढून दिलं आणि वर तिप्पट आकारही भरला, तिच्यावर सरकारचा आणखी कसला वाटा? आणि मोबदला ठरवताना वतनाची जमीन शेजारच्या वर्ग एकच्या भावानंच धरली पाहिजे.

तात्याला सांगितलं, सही करू नको. म्हणाला, "दलाल म्हणतो, शनिवारपर्यंतच भाव हाय." मी विचारलं, आत्याला सांगितलंस का? तिचंही नाव वारसात लागतं. तात्या गप्प. बाईचा वाटा आपल्याही घरात कुणाला आठवत नाही, हेही लिहून ठेवतो.

दोन पाळ्यांची रजा टाकली आहे. शुक्रवारच्या रात्रगाडीनं निघतोय. तलाठ्याकडून फेरफाराच्या नकला, दुय्यम निबंधकाकडून तीन वर्षांच्या शेजारच्या खरेदीखतांच्या नकला. आज्याची सव्वाचौदा रुपयांची पावती आत्याकडं आहे, ती घेऊनच तात्याच्या दारात जाईन. वस्तीतल्या अकरा घरांची जमीन त्याच ओळीत आहे. दलाल त्यांच्याकडंही जाऊन आलाय.