एका युनिटाचे मोल

चित्रपटाचे चित्रण म्हटले की प्रखर दिवे आणि त्यांच्यासाठी घरघरणारी जनरेटरची गाडी डोळ्यांसमोर येते. खेड्यापाड्यांत जाऊन काम करणाऱ्या लहान पथकांची विवंचना मात्र निराळी असते. ऊन त्यांना फुकट मिळते. चिंता असते ती कॅमेरा व ध्वनिमुद्रण यंत्र चालविणाऱ्या बॅटऱ्यांची. दादासाहेब फाळके यांनी 1913 सालचा 'राजा हरिश्चंद्र' सूर्यप्रकाशात, हाताने फिरविण्याच्या कॅमेऱ्यावर चित्रित केला, तेव्हा ही चिंता नव्हती. (मूकपटच तो, ध्वनीचा प्रश्नच नव्हता.)

कॅमेऱ्याची एक प्रचलित बॅटरी सुमारे 98 वॉट-तासांची असते. शंभरापर्यंतची बॅटरी विमानात हातातील सामानात खास परवानगीवाचून नेता येते, म्हणून हे माप सोयीचे. अशा दहा बॅटऱ्या चार्ज करण्यास, गळती धरूनही, फार तर सव्वा युनिट वीज पुरते. पन्नास वॉटचा कॅमेरा त्यांवर एकोणीस तास चालेल. म्हणजे दिवसभराच्या विजेला एक-दोन कप चहाचे पैसे! परंतु ती वेळेवर मिळाली नाही तर दहा-पंधरा माणसांचा रोज बुडतो, आणि मावळतीचा प्रकाश कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. गिऱ्हाईक येथे पैसे मोजते ते खात्रीचे. शेतीच्या विजेची पाळी सांभाळत रात्री-अपरात्री बागेत जाणाऱ्या शेंदूरजनाघाटच्या संत्राबागाईतदारास हे वेगळे सांगावयास नको.

जनरेटरचा आवाज जागेवरच मुद्रित होणाऱ्या संवादांत उतरतो. बंद मोटारीत चार्ज करावे, तर लिथियम बॅटरी 45 अंशांपुढील तापमानात सहसा चार्ज करू नये, असा दंडक आहे. वैशाखातील वऱ्हाडात उभ्या मोटारीत तो पाळणे अशक्यच. उरतो एखाद्या घरातील प्लग. तो लोक आनंदाने देतात, पैसेही घेत नाहीत. हा पाहुणचार सुंदर आहे, पण त्यावर व्यवसाय उभा राहत नाही. शिवाय घरगुती मीटरवरून धंद्यासाठी वीज दिली, तर वीज अधिनियम, 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो. पथक निघून जाईल. जाब यजमानाला द्यावा लागेल.

आपल्या भागातील अनेक शेतांवर आता सौरपंप आहेत. बहारासाठी बागेला ताण दिला की पंप थांबतो, पण पत्र्यांवर ऊन पडतच राहते. ही पडीक वीज चार्जिंगला का वापरू नये? पंपाच्या तारेला चार्जर थेट जोडणे धोक्याचे. त्यासाठी योग्य नियंत्रक हवा. खर्च आहे, पण जनरेटरच्या भाड्याशी ताडून पाहावा असा.

विषय किरकोळ वाटेल. तथापि चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यात, स्थानिक नवख्या कलावंतांना घेऊन जयंत सोमलकर यांनी केलेल्या 'स्थळ'ला 2023 साली टोरांटो महोत्सवात पुरस्कार मिळाला. वऱ्हाडी बोलीत, आपल्याच घाटात असे काही करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ मुंबईहून आणलेल्या बॅटऱ्यांचा दुसरा संच नसणार. नगर परिषदेने अथवा महाविद्यालयाने एक सावलीची, हवेशीर खोली, चार चार्जर, थोडी सौरवीज आणि पावतीपुस्तक एवढे ठेवावे. भाडे बॅटरीमागे आकारावे. युनिटामागे आकारले तर खोली झाडणाऱ्याचाही पगार सुटणार नाही.