पोट दिसलं की दप्तर काढून घेता?

साल्यांनो, पोर पोटात वाढतं, डोक्यात नाही. मग पोट दिसायला लागलं की पोरीच्या हातातलं दप्तर का काढून घेता?

अमेरिकेत हे सर्रास चाललं. पोरगी गरोदर, नाव कमी. बाप झालेला पोरगा त्याच वर्गात, त्याच बाकावर. १९७२ साली टायटल नाइन कायदा आला, १९७५ साली नियम लागू झाले : गरोदर म्हणून शाळेबाहेर काढायचं नाही. ठीक. पण तान्हं कडेवर घेऊन वर्गात बसायचं कसं, ते कायद्यानं सांगितलं नाही.

डेट्रॉइटच्या कॅथरीन फर्ग्युसन अकॅडमीनं ते करून दाखवलं. सरकारी शाळा. पोरी बहुतेक काळ्या, गरीब. आई वर्गात, बाळ त्याच इमारतीतल्या पाळणाघरात. मुख्याध्यापिका अ‍ॅसेनाथ अँड्र्यूज. कारखाने उठून गेलेल्या त्या शहरात पोरींनी शाळेच्या आवारात भाजी पिकवली, शेळ्या पाळल्या, घोड्यासाठी तबेला बांधला.

शाळेला नाव कुणाचं? गुलाम म्हणून जन्मलेल्या बाईचं. मालकानं तिची आई विकली तेव्हा ती आठेक वर्षांची. स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी न्यूयॉर्कात तिनं रविवारची शाळा काढली, ४८ अनाथ-निराधार पोरं सांभाळली. त्यातली २० गोरी!

कुणी म्हणेल, वेगळी शाळा म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेरच की! प्रश्न रास्त आहे. पण नेहमीच्या शाळेत पाळणा टांगायची तुमची तयारी आहे? नाही ना? मग ही शाळा मोडायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मोडलीच. २०११ साली राज्यानं नेमलेल्या आणीबाणी व्यवस्थापकानं तिला बंद करायच्या यादीत घातलं. कारण काय, तर पैसा नाही. एप्रिलात पोरींनी शाळेतच ठिय्या मारला. पोलीस आले, बेड्या ठोकून घेऊन गेले. म्हणजे बेड्यांना पैसा आहे, पाळण्याला नाही! बोंबाबोंब झाली तेव्हा जूनमध्ये शाळा खासगी चालकाच्या हवाली करून 'वाचवली'. २०१४ साली कुलूप लागलं.

आता कायदा शाबूत आहे, पाळणाघर गेलं. दोस्तांनो, नुसत्या कायद्यावर भाळू नका. पोरीला शाळेत घेतो म्हणणाऱ्याला पहिला सवाल टाका : तिचं बाळ कुठं ठेवणार?