घर विकत घेणे आणि घर राखणे

तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे स्थानक लागते. गावालगत तिरुप्पालैत्तुरै येथे नायक राजवटीतील विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याला संरक्षण दिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु कोठाराची दखल घेणारी ही व्यवस्था, त्यात भात आणून टाकणाऱ्याच्या किंवा त्याचा हिशेब लिहिणाऱ्याच्या घराची दखल घेत नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याने किमान १०० वर्षांची वास्तू संरक्षित करता येते. तरीही सूचीवर नजर टाकली तर त्यात प्रामुख्याने देवळे, किल्ले, लेणी, मशिदी आणि थडगी दिसतात. ब्रिटिश अमदानीत कारकुनाने, शिक्षकाने किंवा छोट्या व्यापाऱ्याने जे घर केले, ते या नजरेतून सुटते. कावेरीच्या खोऱ्यात ओट्यांची आणि कौलारू छपरांची अशी घरे पाडून तेथे काँक्रीटच्या इमारती उभ्या राहताना मी पाहिल्या आहेत. आपल्याकडच्या वाड्यांची कहाणी यापेक्षा वेगळी नाही.

असे असूनही पापनाशमपासून सुमारे १५ किलोमीटरवर, कुंभकोणमला असेच एका कारकुनाचे घर टिकून राहिले आहे. ते का टिकले, हा प्रश्न मला प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो.

शार्ङ्गपाणी मंदिराच्या संनिधी रस्त्यावरील हे घर श्रीनिवास रामानुजन यांचे. त्यांचा जन्म १८८७ साली आजोळी, इरोडला झाला. बालपण आणि शालेय जीवन मात्र या घरात गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. घरही त्या मिळकतीला साजेसे आहे: पुढे ओटा, अरुंद दर्शनी भाग, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि खिडकीपाशी एक खाट. वास्तुकलेच्या निकषावर शेजारच्या घरांहून यात वेगळे काही नाही. देवळाजवळची मोक्याची जागा म्हणून बाजारात जी किंमत आली असती, ती जमिनीची. घराला किंमत जवळजवळ नव्हतीच. घराचे खरे मोल स्मृतीत होते. अशा मोलाचा लाभ सर्वांना होतो, पण त्यासाठी पैसे मोजायला कोणी एक जण पुढे येत नाही. अर्थशास्त्रात याला सार्वजनिक वस्तूचा प्रश्न म्हणतात.

येथे पैसे मोजणारा भेटला. २००३ साली 'शास्त्र' या अभिमत विद्यापीठाने हे घर विकत घेतले, दुरुस्त केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. आपल्याकडच्या बहुतेक स्मारकांची गोष्ट येथेच संपते. कोनशिला बसते, छायाचित्रे छापून येतात, आणि मग किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी सुरू होते.

कुंभकोणमची गोष्ट येथून सुरू झाली. रामानुजन यांच्या जन्मदिनाच्या, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारास विद्यापीठ तेथे आंतरराष्ट्रीय गणित परिषद भरवू लागले. २००५ पासून ३२ वर्षांपर्यंतच्या गणितज्ञासाठी १०,००० डॉलरचा पुरस्कार सुरू झाला. रामानुजन ३२ व्या वर्षी गेले, म्हणून ही वयोमर्यादा. पहिल्या वर्षी तो मंजुल भार्गव आणि कण्णन सौंदरराजन या दोघांना मिळाला, २००६ मध्ये टेरेन्स टाओ यांना. टाओ यांना त्याच वर्षी आणि भार्गव यांना २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळाले. अशा तोलामोलाची माणसे गावात येणार असली की घराचे कौल फुटलेले राहत नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर झाडले जाते, हा आपल्या आजीलाही ठाऊक असलेला नियम संग्रहालयालाही लागू पडतो. घराला काम मिळाले, म्हणून घर टिकले.

शासकीय लेखापद्धतीत भांडवली आणि महसुली असे खर्चाचे दोन प्रकार असतात. वास्तू विकत घेणे हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो, त्याला मंजुरी मिळते, त्याचे उद्‌घाटन करता येते. पहारेकऱ्याचा पगार, वाळवीवरचे औषध, पावसाळ्यापूर्वीची डागडुजी हा महसुली खर्च. तो दरवर्षी मागावा लागतो, आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यावरच चालते. परिणाम समोर आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात, पाहणी केलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडलीच नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर जी माहिती आली, तीनुसार केंद्राच्या ३,६९३ स्मारकांपैकी केवळ २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक नेमलेले होते. कायद्याचे छत्र होते; दार उघडून आत दिवा लावणारे कोणी नव्हते.

परदेशस्थ वाचकांना लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हा पत्ता परिचित असेल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले आणि नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पुढे २०१८ मध्ये स्थानिक कॅम्डेन परिषदेने निवासी घराचा संग्रहालय म्हणून वापर करण्यास परवानगी नाकारली. अपील झाले, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश शासनाने परवानगी दिली. या नकाराने आपल्याकडे रोष निर्माण झाला, तो समजण्यासारखा होता. मात्र त्या यंत्रणेने विचारलेला प्रश्न मला गैर वाटत नाही: या घराचा रोजचा वापर काय असेल, आणि शेजाऱ्यांवर त्याचा परिणाम काय होईल? हाच प्रश्न आपण आपल्या स्मारकांच्या बाबतीत खरेदीपूर्वी विचारायला हवा.

यावर आक्षेप असा की प्रत्येक थोर माणसाचे घर राखणे कोणत्याच शासनाला परवडणार नाही. आक्षेप बरोबर आहे. जेथे शाळांच्या खोल्या अपुऱ्या आहेत तेथे निवड करावीच लागेल. माझ्या मते निवडीची कसोटी माणसाच्या थोरवीवर ठेवू नये, कारण त्या वादाला अंत नाही. कसोटी अशी असावी: घर चालवण्याची जबाबदारी घेणारी संस्था कोणती, तिचा वर्षभराचा कार्यक्रम काय, आणि देखभालीसाठी कायमस्वरूपी ठेव किती? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे टिपणीत नसतील, तर खरेदीचा प्रस्ताव परत पाठवावा.

ही कल्पना नवी नाही. तंजावरच्या मराठ्यांनी ती शतकापूर्वी अमलात आणली. १९१८ मध्ये भोसले घराण्याच्या वारसांनी सरस्वती महाल ग्रंथालय सार्वजनिक उपयोगासाठी सुपूर्द केले, तेव्हा त्याच्या देखभालीसाठी एक लाख रुपयेही दिले. राज्य १८५५ मध्येच गेले होते. तरी दान देताना पुढच्या पिढीला त्याचा खर्च झेपावा, एवढे भान त्यांनी ठेवले. तेथील हस्तलिखिते आज अभ्यासकांना पाहायला मिळतात, त्यात या एक लाखाचा वाटा आहे.

म्हणून बाहेरदेशी राहणाऱ्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. वाई, सातारा किंवा कोकणातील आपले कुलूपबंद घर एखाद्या संस्थेला किंवा शासनाला स्मारकासाठी देण्याचा विचार असेल, तर नुसती किल्ली देऊ नका. सोबत देखभालीची ठेव द्या, तिचे व्याज कशासाठी खर्च व्हावे ते करारात लिहा, आणि त्या घरात दरवर्षी कोणता कार्यक्रम व्हावा तेही ठरवून घ्या. ठेवीची रक्कम मोठी नसली तरी चालेल. दर पावसाळ्याआधी छपरावर कोणीतरी चढेल, एवढी मात्र ती असावी.