वेशीवरची जकात

माझे गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आणि माझे कॉलेज हे, म्हणजे कर्नाटकात. मधली वाट एस. टी.ने तासाभराची. २०११ साली मी याच कॉलेजात बी. कॉम.च्या वर्गात बसत होतो, तेव्हा माझ्या खिशातले सिम महाराष्ट्राचे होते. शिनोळी मागे पडली की फोनवर रोमिंगची खूण उमटे आणि मी पाहुणा होई. पाहुणा म्हणजे मानाचा नव्हे. आलेला फोन उचलला तरी पैसे माझेच कापले जात. म्हणून बाबांची आणि माझी खूण ठरलेली होती. एक घंटी म्हणजे सगळे ठीक, दोन म्हणजे पैसे पाठवले, तीन म्हणजे बूथवर जाऊन फोन कर.

एका रात्री त्या तीन घंट्या माझ्यापर्यंत आल्याच नाहीत. शिल्लक संपली होती आणि शिल्लक नसली की रोमिंगवर फोन लागत नसे. आज्जी गेल्याचे मला सकाळी गावाकडून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने सांगितले. मी पोचेपर्यंत सगळे आटोपले होते.

ही हकीकत कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. पण तासाभराच्या वाटेवर आवाजाला एवढी जकात कशाची, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. आता मी याच विषयाच्या मुलांना शिकवतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता युरोपात जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतून आणि कायद्यांच्या कागदांतून. तेथे वेशी आपल्याहून दाट. बार्ले नावाच्या एका गावात तर बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची सीमा लोकांच्या घरांतून जाते. अशा खंडाने हा प्रश्न कसा सोडवला, हे आपण सीमेवरच्यांनी समजून घ्यावे असे मला वाटते.

प्रथम यंत्रणा पाहू. सिममध्ये एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात: जर्मनीचे २६२, फ्रान्सचे २०८, भारताचे ४०४ किंवा ४०५. पुढचे अंक कंपनी सांगतात. जर्मन माणूस पॅरिसमध्ये उतरून फोन चालू करतो, तेव्हा फ्रेंच कंपनी हा क्रमांक वाचते आणि त्याच्या घरच्या कंपनीला विचारते, ‘हा तुमचा माणूस का? याची ओळख पटवा.’ घरची कंपनी होकार देते, आपल्या नोंदवहीत ‘हा सध्या पॅरिसला’ असे टिपून ठेवते आणि फ्रेंच कंपनी त्याला पाहुण्यांच्या नोंदवहीत घेते. हे सारे काही क्षणांत होते. मग तो जे बोलेल, जे पाहील, त्याचे घाऊक बिल फ्रेंच कंपनी जर्मन कंपनीला लावते आणि जर्मन कंपनी किरकोळ बिल त्या माणसाला.

त्याला येणारा फोन आधी जर्मनीत जातो आणि तेथून पॅरिसला वळवला जातो. उचलणाऱ्याकडून पैसे घेत, ते या दुसऱ्या टप्प्याचे. दोन भारतीय विद्यार्थी पॅरिसमध्ये एकाच बाकावर बसून आपापल्या भारतीय सिमवरून बोलू लागले, तर आवाज भारतात जाऊन परत येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच!

ही सोय युरोपातच वाढली. १९८७ साली कोपनहेगनला १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी एकच पद्धत वापरण्याचा करार केला, १९९१ मध्ये फिनलंडमध्ये त्या पद्धतीवर पहिला फोन झाला आणि १९९२ मध्ये फिनलंड व ब्रिटनमधल्या कंपन्यांत रोमिंगचा पहिला करार झाला. म्हणजे तंत्राने सीमा तेव्हाच ओलांडली होती. अडला तो हिशेब. आणि तो पुढे पंधरा वर्षे अडून राहिला.

का अडला? स्पर्धा होती, कंपन्याही अनेक होत्या. पण माणूस कंपनी निवडतो ती घरच्या दरावर. परगावचा दर त्याला बिल आल्यावर कळतो. परदेशातली कंपनी तर तो बहुधा निवडतही नाही. शिवाय प्रत्येक देशाचा नियामक आपापल्या घरापुरता. इटलीच्या नियामकाने इटालियन कंपनीचा घाऊक दर उतरवला, तर फायदा जर्मन प्रवाशाचा. त्याने का उतरवावा? आणि जर्मन नियामकाचा हात इटालियन कंपनीपर्यंत पोचत नाही. प्रत्येकाचे अंगण स्वच्छ आणि मधली गल्ली कोणाचीच नाही, असा हा प्रकार होता.

म्हणून २००७ साली युरोपीय संघाने एकत्र कायदा केला. बाहेर केलेल्या फोनला मिनिटाला ४९ सेंट आणि आलेल्या फोनला २४ सेंट, कर वेगळा, ही कमाल मर्यादा ठरली आणि पुढे वर्षावर्षाला ती उतरत गेली. काही कंपन्यांनी या कायद्यालाच आव्हान दिले. २०१० मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तो वैध ठरवला. त्याच वर्षी इंटरनेटच्या बिलाला ५० युरोंवर आपोआप लगाम बसू लागला. अखेर १५ जून २०१७ पासून प्रवाशाला लागणारा जादा आकारच गेला. परदेशातही घरचाच दर.

येथे एक गोष्ट माझ्या विद्यार्थिमित्रांनी ध्यानात घ्यावी. बातमी झाली ती किरकोळ दराची. खरे काम झाले ते घाऊक दरात. कंपन्यांनी एकमेकींकडून किती घ्यावे हे बांधून दिले नसते, तर ग्राहकाला दिलेली सूट कोणीतरी दुसऱ्या खिशातून काढली असती. इंटरनेटचा हा घाऊक दर २०१७ मध्ये एका जीबीला ७ युरो ७० सेंट होता, २०२२ मध्ये २ युरो झाला, आणि २०२७ साठी कायद्यात १ युरो लिहिलेला आहे.

कोणी म्हणेल, जो कधी गाव सोडत नाही, त्याने प्रवाशाचा भार का वाहावा? आक्षेप खोटा नाही आणि कायद्याने तो ऐकलाही आहे. स्वस्त देशातले सिम घेऊन कायम महाग देशात राहणाऱ्याचा चार महिन्यांचा वापर कंपनी तपासू शकते आणि मर्यादित जादा आकार लावू शकते. खरोखर तोटा होत असेल, तर नियामकाकडून कंपनीला सवलतही मिळते. पण घाऊक दर इतका उतरूनही व्यवहार चालू राहतो, यावरून आधीच्या जकातीत खर्च किती आणि नफा किती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता माझा मुद्दा. मिळालेली सोय ही कंपनीची कृपा आहे की ग्राहकाचा हक्क, हा प्रश्न दरापेक्षा मोठा आहे. ब्रिटनने संघ सोडला आणि २०२० च्या अखेरीस हा कायदा तेथे लागू राहिला नाही. २०२२ च्या मध्यापर्यंत तेथल्या चार मोठ्या कंपन्यांपैकी तिघींनी नव्या ग्राहकांना युरोपात पुन्हा आकार लावला. टॉवर तेच, यंत्रे तीच. गेला तो फक्त कायद्याचा कागद. उलट संघातल्या देशांत २०२२ च्या नव्या कायद्याने हाच हक्क २०३२ पर्यंत पक्का केला आहे आणि घरी मिळतो तसाच वेग परदेशातही मिळावा, असेही सांगितले आहे. स्वित्झर्लंड मात्र या वर्तुळाबाहेर आहे. तेव्हा बाझेल शहराच्या वेशीवर उभ्या असलेल्या माणसाचा फोन कोणता टॉवर पकडतो, याला आजही अर्थ आहे. अशा नकळत लागणाऱ्या रोमिंगपासून ग्राहकाला वाचवण्याची जबाबदारी युरोपीय कायद्याने कंपनीवर टाकली आहे. सीमेवर राहणाऱ्याचा विचार कायद्याच्या कलमात झालेला पाहून मला खरेच बरे वाटले.

आपल्याकडे काय झाले? २०१५ मध्ये दूरसंचार नियामकाने रोमिंगवर येणाऱ्या फोनला मिनिटाला ४५ पैशांची मर्यादा घातली. ती शून्यावर आली ती २०१६–१७ च्या दरयुद्धात. म्हणजे मर्यादा कायद्याने दिली, मुक्ती स्पर्धेने. त्याचा आनंद मलाही आहे. पण तेव्हाच्या गर्दीतल्या कितीतरी कंपन्या आज उरलेल्या नाहीत, आणि लाटेने आणलेले लाट ओसरली की जाऊ शकते. राज्य कोणते, सीमा कोठे, हे वाद मोठ्यांचे आहेत आणि ते या लेखाचे नव्हेत. सीमा हलवल्यावाचूनही तिची जकात उठवता येते, एवढेच युरोप दाखवतो. ती उठवल्याची नोंद आपल्याही नियमांत स्पष्ट शब्दांत असावी, एवढीच माझी मागणी.

परवा माझ्या तासाला एका मुलीचा फोन थरथरला. ती चंदगडकडची, घरून आईचा होता. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला बाहेर जाऊन बोलून ये म्हणालो. ती दहा मिनिटे बोलत होती आणि मी तोवर फळ्यावर काही लिहिले नाही.